मेयोच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे काय

माझा भाऊ कोल्हापुरात असतो. दर उन्हाळ्यात त्याचा एक फोन ठरलेला. "ताई, तुमचं ते हिरवं-लाल परत हरलं म्हणे. जिंकतच नाहीत तर बघता कशाला?" हे फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नाही. म्हणून त्याच्यासाठी, आणि गेलिक फुटबॉल हे नाव पहिल्यांदाच ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी, बैजवार लिहायला बसले आहे.

मी नर्स आहे. २०१६ च्या मार्चमध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या कॅसलबार गावात नोकरीला आले. मुलगी तेव्हा चार वर्षांची. आमच्या गल्लीत शेजारी एक आजोबा राहतात. त्यांच्या फाटकाच्या खांबाला एक झेंडा होता, वर हिरवा, खाली लाल. मला वाटलं, कुठल्या पक्षाचा असावा. मे महिन्यापर्यंत तसले झेंडे प्रत्येक दुकानावर, ट्रॅक्टरवर, गाड्यांच्या काचांवर आणि एका शेतात चक्क मेंढीच्या पाठीवर रंगवलेले दिसायला लागले. तेव्हा विचारलं. आजोबा म्हणाले, "चॅम्पियनशिप सुरू झाली ना." इतकंच. जणू पावसाळा सुरू झाला.

आधी खेळ समजून घेऊ. गेलिक फुटबॉल हा आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नव्हे आणि रग्बीही नव्हे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू गोल, साध्या फुटबॉलपेक्षा जरा लहान आणि जड. तो हातात धरता येतो, पण हातात घेऊन नुसतं पळत सुटता येत नाही. चार पावलं टाकली की चेंडू जमिनीवर एकदा आपटून घ्यायचा, नाहीतर बुटाच्या टोकानं वर उडवून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोनदा आपटणं चालत नाही. जोडीदाराकडे हातानं द्यायचा तर फेकायचा नाही, मुठीनं किंवा तळव्यानं मारायचा. जमिनीवर पडलेला चेंडू पुरुषांना थेट हातानं उचलता येत नाही, आधी बुटाच्या टोकानं वर उचलून घ्यावा लागतो. बायकांच्या खेळात तो थेट उचलता येतो. काउंटीचा सामना सत्तर मिनिटांचा. पळणं इतकं की पहिल्या दिवशी मला बघूनच धाप लागली होती.

आता गुणांची भानगड, कारण नवा माणूस अडतो तो इथंच. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखाली जाळं, दांडीच्या वर नुसतं आकाश. चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून, पण दोन्ही खांबांच्या मधून गेला तर एक गुण. फळ्यावर मात्र बेरीज लिहीत नाहीत. गोल आधी आणि गुण नंतर, मध्ये एक आडवी रेघ.

२०१६ ची अंतिम लढत घ्या. मी इथं आल्यावरची पहिलीच. १८ सप्टेंबरला सामना संपला तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं: डब्लिन २-९, मेयो ०-१५. मला वाटलं, हरलो. दोन गोल विरुद्ध शून्य, यात विचारायचं काय! पण खोलीतल्या बायका टेबलावर उभ्या राहून ओरडत होत्या. मग एकीनं रुमालावर लिहून दाखवलं. दोन गोलांचे सहा, अधिक नऊ, झाले पंधरा. आणि आमचे पंधरा. बरोबरी. त्यातही ऐकण्यासारखी गोष्ट ही की डब्लिनचे ते दोन्ही गोल मेयोच्याच खेळाडूंच्या अंगाला लागून आत गेले होते. म्हणजे आम्ही आमच्याच जाळ्यात दोन टाकले आणि तरी शेवटच्या क्षणी किलियन ओकॉनरनं बरोबरी साधली. मेयो काय चीज आहे ते त्या एका संध्याकाळी कळलं.

२०२५ पासून नियम बदलले. गोलापासून चाळीस मीटरवर एक कमान आखतात, तिच्या बाहेरून मारलेला चेंडू दांडीवरून गेला तर दोन गुण. आधी संघ सगळेच्या सगळे मागे जाऊन बचाव करत बसायचे, खेळ कंटाळवाणा झाला होता. आता प्रत्येक संघाला तीन खेळाडू समोरच्या अर्ध्या भागात ठेवावेच लागतात. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत झालेला हा सगळ्यात चांगला बदल. खेळ मोकळा झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. काउंटी म्हणजे काय आणि तिच्यासाठी एवढा जीव का टाकायचा?

आयर्लंड बेटावर बत्तीस काउंट्या आहेत. सव्वीस प्रजासत्ताकात, सहा उत्तर आयर्लंडमध्ये. गेलिक खेळाला मधली सरहद्द मान्य नाही, दोन्हीकडच्या काउंट्या एकत्रच खेळतात. गंमत अशी की या काउंट्या आयरिश लोकांनी पाडलेल्या नाहीत. इंग्रजांनी कारभाराच्या सोयीसाठी आखलेल्या या रेषा. पण १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मायकल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आणि आणखी काही जण जमले, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, आणि पुढं या संस्थेनं त्याच रेषांना लोकांचा जिव्हाळा चिकटवला. या संस्थेला सगळे जीएए म्हणतात. सरकारदरबारी काउंटीला आज जेवढं महत्त्व असेल, त्याच्या कितीतरी पट ते या जर्सीमुळे आहे.

सगळ्यात खाली असतो क्लब. तो बहुतेक वेळा चर्चच्या पॅरिशचा, म्हणजे गाव आणि आजूबाजूच्या वाड्यांचा. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्या क्लबात जातं. त्यातून चांगले निघालेले काउंटीच्या संघात निवडले जातात. काउंटीकडून खेळत असतानाही त्यांचा क्लब सुटत नाही.

आणि इथंच तो मुद्दा आहे जो भावाला फोनवर कधी समजावता आला नाही. काउंटीच्या खेळाडूला पगार मिळत नाही. प्रवासखर्च वगैरे मिळतो, बस्स. ब्याऐंशी हजार लोकांसमोर रविवारी खेळणारा माणूस सोमवारी कामावर हजर असतो. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड आज बहुतेकांच्या मते या खेळातला सर्वोत्तम, आणि तो शाळेत शिक्षक आहे. बोली लावून खेळाडू आणता येत नाही. मेयोला गोल मारणारा कमी पडला म्हणून केरीतून एखादा विकत घ्यायचा, असला प्रकार नाही. जे आपल्या मातीत निघतील ते घेऊन लढायचं. नाही निघाले तर पुढची पिढी मोठी होईपर्यंत थांबायचं.

खेळाडूला जे लागू तेच पाठीराख्याला. काउंटी बदलता येत नाही. लग्न होऊन डब्लिनला गेलेली मेयोची बाई पन्नास वर्षांनंतरही मेयोचीच. सासर डब्लिन असलं तरी सप्टेंबरात माहेर जागं व्हायचं. आमच्या वॉर्डात तर सासू गॉलवेची आणि सून मेयोची असं एक घर आहे. या दोन काउंट्या शेजारी आणि हाडवैरी. सामन्याच्या आठवड्यात त्या घरात स्वयंपाक होतो, बोलणं होत नाही.

मला हे समजायला जड गेलं नाही. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने बघत वाढले. तुझी टीम कुठली असं आमच्यात कुणी विचारत नसे, घर कुठं हे विचारलं की झालं. परदेशी क्लबांच्या जर्स्या अंगात आल्या त्या फार नंतर, आणि त्या बदलता येतात. पेठ बदलत नाही. इथं आल्यावर मला परकं वाटायच्या ऐवजी ओळखीचं वाटलं ते यामुळे.

मेयोच का, हे सांगायला जरा मागं जावं लागेल. आयरिशमध्ये या काउंटीचं नाव माय ओ, म्हणजे यू वृक्षांचं मैदान. १८४१ च्या जनगणनेत इथं सुमारे ३ लाख ८९ हजार माणसं होती. मग १८४५ पासून बटाट्याला रोग लागला, दुष्काळ पडला, आणि मेयोला त्याची झळ सगळ्यात वाईट बसलेल्या भागांत धरतात. माणसं मेली, उरलेली जहाजांत बसून गेली, आणि ते जाणं पुढची शंभर वर्षं थांबलं नाही. २०२२ ला मोजलं तेव्हा काउंटीत सुमारे १ लाख ३८ हजार माणसं होती. दीडशेहून अधिक वर्षं उलटली तरी निम्मीसुद्धा भरून आलेली नाहीत. मेयोची माणसं मँचेस्टरला, लंडनला, बॉस्टनला, शिकागोला. अकिल बेटावरची तर इतकी क्लीव्हलंडला गेली की दोन्हीकडं तीच आडनावं सापडतात.

म्हणूनच लंडन आणि न्यूयॉर्क हे दोन संघ आयर्लंडच्या या स्पर्धेत खेळतात. चार प्रांत आहेत: कॉनॅक्ट, मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर. लंडन आणि न्यूयॉर्क कॉनॅक्टमध्ये, मेयोच्याच गटात. २०१३ ला लंडन कॉनॅक्टच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलं आणि तिथं मेयोकडून हरलं. २०२३ ला न्यूयॉर्कनं लीट्रिमला पेनल्टीवर हरवलं, चॅम्पियनशिपमधला त्यांचा पहिलावहिला विजय. मेयोची पाळी आली की इथली माणसं वर्ष-दोन वर्षं पैसे साठवून ब्राँक्समधल्या गेलिक पार्कला जातात. सामना तासा-दीड तासाचा, पण तिकडच्या चुलत भावंडांना भेटणं हे खरं कारण. २०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतली चार घरं कुलपात होती.

स्पर्धेची रचना दर काही वर्षांनी बदलते, त्यात फार शिरत नाही. एवढं लक्षात ठेवा: जानेवारीच्या शेवटी लीग सुरू होते, त्यात आठ-आठ संघांच्या चार श्रेण्या. मग प्रांताची चॅम्पियनशिप, मग सगळ्या आयर्लंडची. पूर्वी अंतिम सामना सप्टेंबरात असे, २०२२ पासून जुलैत होतो, म्हणजे वर्षाचे उरलेले महिने क्लबांना मिळतात. क्लबांसाठी हे उत्तम झालं. मला मात्र सप्टेंबर हवा होता. शाळा सुरू झालेल्या, संध्याकाळी गार वारा आणि अख्खं गाव झेंड्यांत, ती मजा जुलैला नाही.

करंडकाचं नाव सॅम मॅग्वायर. हा कॉर्कच्या डनमॅनवेचा माणूस, लंडनमध्ये गेलिक फुटबॉल खेळला. १९२८ पासून त्याच्या नावाचा करंडक देतात. लोक त्याला लाडानं नुसतं सॅम म्हणतात. भिंतींवर, पुलांवर, चुन्यानं डोंगराच्या कुशीत लिहिलेलं असतं: मेयो फॉर सॅम.

मेयोनं सॅम तीनदा जिंकला. १९३६, १९५० आणि १९५१. त्यानंतर, हे लिहीपर्यंत, एकदाही नाही.

नुसतं जिंकले नाहीत एवढंच असतं तर त्यात विशेष काही नव्हतं. कधीच न जिंकलेल्याही काउंट्या आहेत. मेयोचं दुखणं वेगळं, मेयो दारापर्यंत जातं. १९८९, १९९६, १९९७, २००४, २००६, २०१२, २०१३, २०१६, २०१७, २०२०, २०२१. अकरा अंतिम लढती, अकराही हरलेल्या. १९९६ ला मीथविरुद्ध आम्ही पुढं होतो, शेवटी कोम कॉइलनं लांबून उंच मारलेला चेंडू गोलासमोर टप्पा पडून सगळ्यांच्या डोक्यावरून, दांडीवरून गेला. बरोबरी. पुन्हा खेळले तेव्हा एका गुणानं हरले. डब्लिनविरुद्ध २०१३ ला एका गुणानं. २०१६ च्या त्या बरोबरीनंतर १ ऑक्टोबरला पुन्हा सामना झाला, एका गुणानं. २०१७ ला परत एका गुणानं. २०२० ला डब्लिननं हरवलं २-१४ विरुद्ध ०-१५. २०२१ ला टायरोननं हरवलं, तेही २-१४ विरुद्ध ०-१५. दोन वर्षं, दोन वेगळे संघ आणि फळ्यावर अंकही तेच.

२०१७ चा सामना मी प्रत्यक्ष बघितला. तो सांगते.

अंतिम सामन्याची तिकिटं खिडकीवर मिळत नाहीत. जीएए ती काउंट्यांना देते, काउंटी क्लबांना, आणि क्लब आपल्या माणसांत वाटतो. जो मैदानाला पांढरे पट्टे मारतो, पोरांच्या जर्स्या घरी नेऊन धुतो, पावसात उभा राहून दर आठवड्याच्या क्लब लॉटरीची कुपनं विकतो, त्याचा हक्क पहिला. पैसेवाल्याला तिकीट मिळेलच असं नाही, पण जर्स्या धुणाऱ्या बाईला मिळतं. ही पद्धत मला फार आवडते. मी तेव्हा नवी. मुलीला नुकतं क्लबात घातलेलं, माझा नंबर लागणं शक्य नव्हतं. पण सामन्याच्या नऊ दिवस आधी शेजारचे आजोबा गोठ्यात घसरले आणि त्यांचा पाय मोडला. प्लास्टर घातल्यावर मला घरी बोलावलं. लिफाफा पुढं केला. म्हणाले, "माझ्या जागेवर बस. पण उठून जायचं नाही, काहीही झालं तरी."

पहाटे साडेसहाला निघालो. कॅसलबारहून डब्लिनला जाणाऱ्या रस्त्यावर, जिथवर नजर जाईल तिथवर हिरव्या-लाल गाड्या. गावागावांत पुलांवर माणसं उभी, म्हाताऱ्या बायका फाटकाशी खुर्च्या टाकून हात हलवत होत्या. लाँगफर्डच्या पुढं एका जागी सगळ्यांनी गाड्या बाजूला घेतल्या, डिक्या उघडल्या. डिकीत हॅमचे सँडविच चांदीच्या कागदात, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये दूध घातलेला चहा. मी शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या होत्या. ओळख ना पाळख, तीन गाड्यांमधली माणसं येऊन पोळी घेऊन गेली आणि एका बाईंनी कृती विचारली.

क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजारांवर माणसं मावतात. दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना वेगळं बसवत नाहीत, मध्ये जाळी नाही, पोलिसांची रांग नाही. माझ्या डावीकडे निळ्या जर्सीतले डब्लिनचे बापलेक. समोरच्या स्टँडचं नाव होगन स्टँड. २१ नोव्हेंबर १९२० ला याच मैदानात डब्लिन आणि टिपररी यांचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, चौदा माणसं गेली. त्यातला मायकल होगन टिपररीचा खेळाडू होता. हे मला त्या डब्लिनच्या बापानं सांगितलं, सामना सुरू व्हायच्या आधी, आपल्या पोराला सांगता सांगता.

दुसऱ्याच मिनिटाला डब्लिनचा गोल झाला. तरी मेयो हललं नाही. दोन्हीकडचा एकेक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला. ली कीगननं आमचा गोल मारला तेव्हा मागच्या रांगेतल्या अनोळखी बाईंनी मला मिठी मारली, आणि तिचा चष्मा माझ्या मांडीवर पडला. वाढीव वेळ सुरू झाली तेव्हा बरोबरी. आम्हाला फ्री किक मिळाली. ओकॉनरनं मारली, चेंडू खांबाला लागला. त्या लोखंडाचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग शेवटी डब्लिनच्या डीन रॉकला फ्री किक मिळाली. तो पळत आला, तेवढ्यात कीगननं आपल्या जर्सीतलं ते जीपीएसचं छोटं यंत्र काढून त्याच्या दिशेनं फेकलं. नियमात बसत नव्हतं, हे उघड. पण सहासष्ट वर्षं वाट बघणाऱ्या काउंटीचा माणूस त्या क्षणाला आणखी काय करणार होता? रॉकचा चेंडू दांडीवरून गेला. १-१७ विरुद्ध १-१६.

मी उठले नाही. आजूबाजूचं हिरवं-लाल कुणीच उठलं नाही. शेजारच्या त्या डब्लिनच्या माणसानं हात पुढं केला, काही बोलला नाही, फक्त हात घट्ट धरला. त्याच्या पोरानं आपली निळी टोपी काढून हातात घेतली होती.

आता शापाबद्दल. मेयो म्हटलं की बाहेरचे लोक पहिल्यांदा हेच विचारतात. गोष्ट अशी सांगतात की १९५१ ला जिंकून परतताना संघ जल्लोष करत फॉक्सफर्ड गावातून गेला, तिथं अंत्ययात्रा चालली होती, कुणी थांबून मान दिला नाही, म्हणून पाद्र्यानं शाप दिला: या संघातला एकही माणूस जिवंत असेपर्यंत मेयो जिंकणार नाही. असं काही घडल्याचा पुरावा नाही. स्वतः त्या संघातल्या माणसांनी हे मानलं नाही. १९५१ च्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट २०२१ च्या सप्टेंबरात, टायरोनविरुद्धच्या त्या सामन्यानंतर दोनेक आठवड्यांनी वारले. गावात कुणी शाप सुटला म्हणून आनंद केला नाही. एक मोठा खेळाडू गेला म्हणून झेंडे अर्ध्यावर आणले.

मला हा शाप आवडत नाही. त्यामुळे खरी कारणं झाकली जातात. डब्लिन काउंटीत चौदा लाखांहून जास्त माणसं आहेत, मेयोत त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. खेळाडू बाहेरून आणता येत नसतील तर ही तफावत थेट मैदानात दिसते. त्यात काही वर्षं जीएएकडून खेळ वाढवण्यासाठीचा निधी डब्लिनला इतरांपेक्षा खूप जास्त मिळाला, यावर आजही वाद चालतो. डब्लिनचा तो संघ या खेळाच्या इतिहासातल्या सर्वात ताकदवान संघांपैकी एक होता, २०१५ ते २०२० लागोपाठ सहा वेळा जिंकला. आणि शेवटी २०२१ च्या उपांत्य सामन्यात त्यांची घोडदौड कुणी थांबवली? मेयोनं. जादा वेळेत, ०-१७ विरुद्ध ०-१४. माझ्या लेखी या काउंटीचं मोठेपण इथं आहे. दहापट मोठ्या काउंटीशी वर्षानुवर्षं झुंजून एका गुणावर आणून ठेवणं सोपं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुद्दाम सांगते कारण ती पुरुषांच्या गप्पांत विसरली जाते. मेयोच्या बायकांच्या संघानं १९९९, २०००, २००२ आणि २००३ ला ऑल-आयर्लंड जिंकलं आहे. कोरा स्टाँटन हे नाव इथल्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. माझी मुलगी क्लबात डाव्या कोपऱ्यात खेळते, आणि तिच्या दृष्टीनं मेयो ही जिंकणारी काउंटी आहे. ती चुकीचं बोलत नाही.

पाठीराख्यांच्या हातात काही असतं का? असतं. २०१८ ला किल्डेअर विरुद्ध मेयो हा सामना किल्डेअरच्या घरच्या मैदानावर, न्यूब्रिजला, व्हायचा होता. मैदान लहान, मेयोचे लोक येणार भरपूर, म्हणून जीएएनं तो क्रोक पार्कला हलवायचं ठरवलं. किल्डेअरनं साफ सांगितलं, खेळू तर न्यूब्रिजलाच, नाहीतर नाही. सगळ्या देशातले साधे पाठीराखे त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आमच्यातलेही पुष्कळ. संस्थेला माघार घ्यावी लागली. ३० जूनला सामना न्यूब्रिजलाच झाला, आणि मेयो हरून स्पर्धेबाहेर गेलं. तरी मी म्हणेन किल्डेअरचं बरोबर होतं. ज्याचं घर त्याचा सामना.

कोल्हापुरातून किंवा कुठूनही बघायचं असेल तर अवघड नाही. उन्हाळ्यातले मोठे सामने बऱ्याचदा इथं दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे भारतात रात्रीचे आठ. जीएएची स्वतःची ऑनलाइन वाहिनी आहे. पण माझं ऐकाल तर एकदा मेयोचा मिडवेस्ट रेडिओ इंटरनेटवर लावा. अर्धे उच्चार कळणार नाहीत, मलाही पहिली दोन वर्षं कळले नव्हते. आवाज चढला की चेंडू पुढं गेला, आवाज बसला की गेला हातचा. बाकी सगळं आपोआप समजतं.

पाय मोडल्यापासून आजोबा शिडीवर चढत नाहीत. पण झेंड्याची रीत मोडलेली नाही. मेयोचं वर्ष संपलं, कसंही संपलं तरी, दुसऱ्या दिवशी झेंडा उतरवायचा, कोमट पाण्यात धुवायचा, मागच्या दोरीवर वाळवून, इस्त्री करून कपाटात ठेवायचा. लीगचा पहिला सामना आला की परत लावायचा. या जानेवारीत शिडीवर मी चढले. वारा असा की झेंडा हातातून निसटून तोंडावर येत होता, बोटं गारठलेली, गाठ बसेना. मुलीनं खालून शिडी धरली होती. आजोबा काठी टेकून फाटकाशी उभे होते. पहिल्यांदा मी तो उलटाच बांधला.

"हिरवा वर," ते खालून ओरडले. "हिरवा वर, लाल खाली. सोड आणि परत बांध."

मी सोडला आणि परत बांधला.